सुखाचे व दुःखाचे दिवस

वाचनाचे शास्त्रभाग : उपदेशक ३:१–८, योहान ११:१७–४४, रोमकरांस पत्र १२:१५, करिंथकरांस पहिले पत्र ७:२९–३१.

वर दिलेल्या चार भागांपैकी शेवटचा भाग प्रथम उघडून वाचावा. करिंथ येथील मंडळीने प्रेषित पौलाला विवाहासंबंधी काही प्रश्न लिहून विचारले होते. त्यांची उत्तरे देता देता तो मध्येच थांबतो आणि एक विलक्षण गोष्ट सांगतो. काळ थोडा उरला आहे. यास्तव जे शोक करीत आहेत त्यांनी शोकालाच आपले घर समजू नये, जे आनंद करीत आहेत त्यांनी आनंदाला मिठी मारून बसू नये, आणि जे बाजारात विकत घेतात त्यांनी घेतलेली वस्तू कायमची आपली झाली असे मानू नये. कारण जगाची जी मांडणी आज आपल्या डोळ्यांपुढे आहे ती सरकत चालली आहे. असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे.

हा भाग आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत फारसा वाचला जात नाही. परंतु त्याचा ओझरता भावार्थ मात्र नित्य कानी पडतो, आणि तो बहुधा भलत्याच ठिकाणी. कोणाच्या घरी मयत झाली, तरणाताठा मुलगा गेला, आणि आई उंबरठ्यावर डोके टेकून आक्रोश करीत आहे, अशा वेळी आपल्यातील एखादा वडीलधारा मनुष्य पुढे होऊन म्हणतो, "बाई, आपण ख्रिस्ती आहोत. आपण असे रडू नये. हेही दिवस जातील." म्हणणाराचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. तथापि त्या बाईच्या अंतःकरणावर त्या शब्दांनी काय होते हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला या शास्त्रभागाचा नीट विचार केल्यावाचून राहवणार नाही. म्हणून या आठवड्याचा पाठ आम्ही हाच घेतला आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे की पौल जगाला भ्रम म्हणत नाही. सुख खोटे, दुःख खोटे, दोन्ही मनाचे खेळ, असे शिकविणारे विचार आपल्या देशात पुष्कळ आहेत व त्यांत मोठमोठ्या विद्वानांनी आयुष्ये वेचली आहेत. पौलाचे म्हणणे ते नव्हे. मूळ ग्रीक भाषेत त्याने जो शब्द योजिला आहे त्याचा अर्थ रूप, बाहेरचा आकार, मांडणी असा आहे. मांडणी बदलते असे म्हटल्याने मांडलेली वस्तू नव्हतीच असे ठरत नाही. नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्यास व्याकरणाची गरज नाही. लासलगावच्या बाजारात तो उन्हाळ कांद्याची गाडी घेऊन जातो. आज लिलावात जो भाव पुकारला गेला तो उद्या राहील, असे त्याच्या बापाने मानले नाही व तोही मानीत नाही. चाळीत भरून ठेवलेला कांदा चढत्या भावाची वाट पाहता पाहता सडतो. कधी फेकून द्यावा म्हणावा तोच सोन्याच्या मोलाने जातो. भाव पडला तो दिवस खरा होता, भाव चढला तो दिवसही खरा होता, दोन्ही गेले. द्राक्षबागाईताचे तर सारे वर्षच टांगणीला लागलेले असते. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, मग घड, मग पाणी उतरणे. आणि अगदी काढणीच्या तोंडावर आकाशात ढग. २०१४ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत महाराष्ट्रात जी गारपीट झाली ती ज्यांनी आपल्या बागेत उभे राहून पाहिली, त्यांना जगाची मांडणी सरकते म्हणजे काय हे पौलाने निराळे सांगावयास नको.

मग एवढी ठाऊक असलेली गोष्ट प्रेषित मुद्दाम का सांगतो? कारण ठाऊक असणे निराळे आणि तीप्रमाणे वागणे निराळे. भाव चढला की आम्ही समजतो, आता हे असेच चालणार. लग्नात ऐपतीबाहेर खर्च करितो. मांडव उतरतो, कर्ज उतरत नाही. भाव पडला की आम्ही समजतो, आता सर्व संपले. आणि अलीकडच्या काळात आपल्या महाराष्ट्रातील कित्येक शेतकरी बांधवांनी याच समजुतीने आपल्या जिवाचा घात करून घेतला, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांपासून दूरची आहे असे कोणी मानू नये. आजचा दिवस हाच शेवटचा दिवस आहे, ही दुःखाने कानात सांगितलेली मोठी लबाडी आहे. सुखही तीच लबाडी सांगते, मात्र गोड आवाजात.

आता योहानाच्या शुभवर्तमानातील भाग काढावा. बेथानी गावी लाजर मरण पावला आहे. चार दिवस झाले आहेत. प्रभू येशू गावाच्या वेशीपाशी येतो. येथे वाचकांनी एका गोष्टीकडे बारकाईने पाहावे. या घरातील शोक हा लवकरच सरणारा शोक होता. थोड्याच वेळाने लाजर कबरेतून बाहेर येणार होता, आणि हे एकट्या प्रभूला ठाऊक होते. "हे जाणार आहे" असे म्हणण्याचा अधिकार जगात कोणाला असेल तर तो त्या दिवशी त्याला होता. तो काय करितो? मार्था वाद घालीत येते, तिला तो पुनरुत्थानाविषयी बोलतो. कारण तिने बोलणे काढले आहे, तिला उत्तर हवे आहे. मरीया येऊन पायांशी पडते व रडते. तिला तो काहीच शिकवीत नाही. कबर कोठे आहे एवढे विचारतो, आणि आपणही रडतो.

या रडण्याचा अर्थ पुष्कळ टीकाकारांनी पुष्कळ प्रकारे लाविला आहे. लोकांच्या अविश्वासाबद्दल त्याला खेद झाला असेही कोणी म्हणतात, व त्यातही तथ्य असेल. परंतु भोवती उभ्या असलेल्या यहूदी शेजाऱ्यांनी त्याचा जो साधा अर्थ घेतला तोच खेड्यातील मनुष्यही घेईल : याचे लाजरावर किती प्रेम होते! घटकेभराने पुसले जाणारे अश्रूदेखील त्याने पुसण्याआधी आपल्या डोळ्यांत घेतले. यावरून असे दिसते की दुःख जाणारे आहे म्हणून ते लहान होत नाही. जोवर ते आहे तोवर ते पुरे आहे.

"ख्रिस्ती मनुष्याने रडू नये" याला आधार म्हणून थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय पुढे करण्यात येतो. तो पुन्हा वाचावा. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नये असे तेथे आहे. खेदच करू नये असे नाही. स्तेफनाला दगडमार करून मारिले तेव्हा त्याला पुरणारे भक्तिमान लोक होते, आणि त्यांनी त्याच्यासाठी फार शोक केला, असे प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायाच्या आरंभीच लिहिले आहे. त्यांनी तर स्वर्ग उघडलेला पाहणारा मनुष्य नुकताच पाहिला होता. तरी ते रडले.

मग पौलाचे वचन कोणासाठी? आमच्या मते या साऱ्या पाठाची किल्ली येथे आहे. "हे जाणारे आहे" हा शब्द मनुष्याने आपल्या स्वतःशी बोलावयाचा आहे. शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर जाऊन बोलावयाचा नाही. शेजाऱ्यासाठी त्याच पौलाने रोमकरांस पत्रात निराळी आज्ञा दिली आहे : आनंद करणाराबरोबर आनंद करा व शोक करणाराबरोबर शोक करा, अशा अर्थाची. आपला शोक हलक्या हाताने धरावा, दुसऱ्याचा शोक घट्ट धरावा. आम्ही नेमके उलट करितो. आपले दुःख उगाळीत बसतो आणि दुसऱ्याच्या दुःखाला चार शब्दांत वाटेला लावतो.

दावीद राजाची गोष्ट या दृष्टीने पाहावी. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात त्याचे तान्हे मूल आजारी आहे. तो जमिनीवर पडून राहतो, अन्न घेत नाही. मूल मेल्यावर चाकरांची त्याला सांगण्याची छाती होत नाही. त्याला कळते तेव्हा तो उठतो, स्नान करितो, देवाच्या मंदिरात जातो, मग घरी येऊन जेवतो. आपण त्या लेकराकडे जाऊ, ते आपल्याकडे परत येणार नाही, असे तो म्हणतो. ही त्याची आपल्या मनाशी झालेली समजूत होती, कोणी वरून लादलेली नव्हती. आणि पुढच्याच वचनात बथशेबेविषयी काय लिहिले आहे? त्याने तिचे सांत्वन केले. "मी उठलो, जेवलो, तूही ऊठ" असे तो तिला म्हणाल्याचे तेथे नाही. आईच्या शोकाची चाल बापाच्या शोकाच्या चालीने चालत नाही, हे पुष्कळ घरांत पुरुषांना कळत नाही व त्यावरून संसारात तेढ पडते. ईयोबाच्या तीन मित्रांचेही असेच. ते सात दिवस व सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर मुकाट्याने बसले. तेवढे दिवस ते खरे मित्र होते. तोंड उघडल्यावर त्यांचे काय झाले हे आपण जाणतो.

या गोष्टीचे उदाहरण दूर यहूदा देशातच शोधावे असे नाही. नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचे गाव आहे. तेथे १८६८ साली एका गोखले घराण्यात जी मुलगी जन्मली ती पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून सर्व महाराष्ट्राला ठाऊक झाली. लहानपणीच लग्न झाले. पती नारायण वामन टिळक कवी, विद्वान, आणि घरात पैसा टिकू न देणारे. लेकरांच्या मृत्यूचे घाव त्यांनी तरुण वयातच सोसले. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तेव्हा सत्तावीस वर्षेही पुरी झाली नव्हती; पदरी एक लहान मुलगा होता. त्या काळच्या ब्राह्मण घरातील स्त्रीला या बातमीचा अर्थ काय वाटला असेल हे आज आपण कल्पनेनेच जाणावे. पती जिवंत, आणि संसार मात्र मोडला. काही वर्षे त्या पतीपासून दूर, माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या.

त्या वर्षांत त्यांना कोणी "हे दिवस जातील" म्हटले असते तर ते शब्द अक्षरशः खरे ठरले असते. ते दिवस गेलेच. पतिपत्नी पुन्हा एकत्र आली. राहुरीस असताना जातिभेद माणसाचा, देवाचा नव्हे, असा प्रकाश त्यांच्या मनात पडला, व १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पुढे सुखाचे दिवस आले. घर पाहुण्यांनी व अनाथ लेकरांनी भरलेले असे. तेही दिवस गेले. १९१९ च्या मे महिन्यात टिळक मुंबईस वारले. लक्ष्मीबाई त्यानंतर सुमारे सतरा वर्षे जगल्या. अर्धवट राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेले, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेविला. त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. ज्यांच्या घरी ते नसेल त्यांनी ते अवश्य मिळवावे. शाळेत न गेलेल्या बाईने लिहिलेले असे मराठी आम्हां पदवीधरांस साधत नाही.

त्या पुस्तकात आम्हांला आजच्या पाठाला धरून एक गोष्ट दिसते. ते लिहिले गेले तेव्हा वियोगाच्या त्या वर्षांना तीसाहून अधिक वर्षे लोटली होती. शोक पार गेलेला होता. तरीही जुने दुःख काही नव्हतेच, असे त्या दाखवीत नाहीत. ज्या पानावर ते येते त्या पानावर ते पुरे येते. आणि त्याच्या शेजारीच, कधी त्याच पानावर, हसू येते. त्या हसतात ते बहुधा आपल्याला. आपल्या सोवळ्याला, आपल्या भाबडेपणाला, आपल्या भांडणांना. दुसऱ्याच्या दुःखाला मात्र त्यांनी कोठे हलके केले आहे असे आम्हांला आढळले नाही. आपल्या आयुष्यातील सुखदुःखे त्यांनी सैल मुठीत धरली होती, म्हणूनच ती इतक्या स्वच्छपणे त्यांना दाखविता आली, असे आमचे मत आहे. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, ही आपली म्हण त्यांनी नुसती ऐकली नव्हती. दोन्ही दिवस जगून पाहिले होते.

नाशिकचीच आणखी एक हकीकत येथे सांगावीशी वाटते, कारण ती आपल्या मंडळ्यांत आता फार थोड्यांना ठाऊक आहे. शहरात शरणपूर रस्ता म्हणून जो रस्ता आहे त्याचे नाव एका ख्रिस्ती वस्तीवरून पडले. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ साली ती वसविली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून गलबतांत भरून नेलेली लेकरे इंग्रजांच्या आरमाराने सोडविली, व त्यांतील कित्येकांस येथे आणून ठेविले. आईबाप कोठे, गाव कोणते, याचा त्यांना पत्ता नाही. काहींना स्वतःचे मूळ नावही राहिले नाही. त्यांतला एक मुलगा याओ जातीचा होता. येथे त्याचे नाव जेकब वेनराइट असे ठेविण्यात आले. १८७२ साली डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीसाठी शरणपुरात शिकलेले जे तरुण आफ्रिकेत गेले त्यांत तो होता. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावले. त्यांचे हृदय तेथे एका झाडाखाली पुरिले. प्रेतसंस्काराची उपासना जेकबने वाचली आणि झाडाच्या खोडावर लेख कोरिला. मग त्यांच्या सोबत्यांनी ते शव कित्येक महिने पायी वाहून समुद्रापर्यंत आणिले. जेकब शवाबरोबर इंग्लंडास गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबी या मोठ्या मंदिरात पेटीला हात देणाऱ्यांत तो उभा होता. गलबताच्या पोटातील अंधारातून राजांच्या समाधिस्थानापर्यंत! तोही दिवस गेला. तो आफ्रिकेत परतला, तेथे निरनिराळी कामे केली, व १८९२ साली उरांबो येथे वारला. तिकडे शरणपुरातील आफ्रिकी लोकांपैकी पुष्कळ १८७५ च्या सुमारास प्राइस साहेबांबरोबर मोंबासाजवळ फ्रेअर टाउन येथे राहावयास गेले, आणि नाशिकचे ते घर रिकामे झाले.

या हकीकतीत आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे की शरणपुराने त्या मुलांस त्यांचे दुःख नाशवंत आहे असा नुसता पाठ पढविला नाही. त्यांना निवारा दिला, भाकर दिली, वाचावयास शिकविले, सुतारकी व लोहारकाम हातात दिले. दुःख आपोआप जात नाही. पुष्कळदा ते कोणाच्या तरी हातांनी जाते. "काळ हेच औषध" असे म्हणणारा मनुष्य बहुधा वाटीभर पेज घेऊन आलेला नसतो.

आणखी असे की दुःख गेले म्हणजे काहीच मागे राहत नाही असेही नाही. गोदावरीला पूर येतो तेव्हा नाशिककर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पाण्याचे माप घेतात. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले. १९६९ व २००८ सालचे पूर लोकांच्या अजून तोंडी आहेत. पाणी ओसरते. पण दुकानांत, घरांत, पायऱ्यांवर गाळ राहतो, आणि तो काढावयास पुढे कितीतरी दिवस लागतात. पूर गेला म्हणून कुदळ-पाटी ठेवून देणारा मनुष्य शहाणा नव्हे. मयतीनंतर तिसऱ्या दिवसापर्यंत आपली मंडळी शोकघरी गर्दी करिते. महिना झाल्यावर त्या घराचे दार कोणी ठोठावीत नाही. गाळ तेव्हा असतो. विधवा झालेल्या बहिणीला सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागतात त्या तेव्हा. वडील मंडळींनी हे ध्यानात घ्यावे.

आता आनंदाविषयी. तो थोडक्यात आटोपावा असे आरंभी वाटले होते, परंतु आपल्या लोकांत आनंदाविषयी भय फार आहे, म्हणून दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. "फार हसू नये, मागून रडावे लागते," असे आपल्या आज्या सांगत. ख्रिस्ती घरांतही बाळाच्या गालाला काजळाची तीट लावलेली आम्ही पाहतो. दृष्ट लागेल ही भीती बाप्तिस्म्याच्या पाण्याने अजून धुतली गेलेली नाही. मुलगा परीक्षेत उत्तीर्ण झाला तर बाप ती गोष्ट दबक्या आवाजात सांगतो. यात विनय थोडा आणि धास्ती पुष्कळ असते. जणू देव सावकार आहे, आणि आज दिलेल्या सुखाचे व्याज उद्या दुःखाच्या रूपाने वसूल करणार आहे! प्रभू येशूचा पहिला चमत्कार काना गावी एका लग्नात झाला. लग्नाची मेजवानी ही काय फार दिवस टिकणारी वस्तू? पाहुणे घरोघर गेले, रांजण रिकामे झाले, त्या दांपत्याचे नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही. तरी त्या सरणाऱ्या आनंदात कमी पडू नये म्हणून त्याने आपले सामर्थ्य प्रथम तेथे प्रकट केले, आणि तेही हलक्या प्रतीचे देऊन नव्हे. जाणाऱ्या सुखाचा एवढा आदर ज्या प्रभूने केला, त्याच्या शिष्यांनी सुखाला भिऊ नये. ते आले तर उपकार मानून घ्यावे. उपदेशकाच्या तिसऱ्या अध्यायात रडण्याला जसा समय आहे तसा हसण्यालाही आहे, नाचण्यालाही आहे. देवाने नेमलेल्या समयात चोरासारखे वावरण्याचे कारण नाही.

मात्र शेजाऱ्याच्या आनंदात भाग घेणे हे त्याच्या शोकात भाग घेण्याहून कठीण आहे, असे प्राचीन काळच्या शास्त्रज्ञ पाळकांनीही म्हटले आहे, व आमचाही अनुभव तोच आहे. शोकघरी जाताना आपल्याला थोडे मोठेपण वाटते. ज्याच्या मुलीचे लग्न आपल्या मुलीच्या आधी जमले त्याच्या घरी पेढा घेण्यास जाताना पाय जड होतात. तेथे "हेही जाणारे आहे" हा विचार मनात येतो खरा, पण तो पवित्र आत्म्याकडून येत नाही.

यास्तव या पाठाचा उपयोग जेथे सर्वांत अवघड व सर्वांत जरुरीचा आहे असा एक प्रसंग सांगून आम्ही थांबतो. आपल्या मंडळ्यांत हंगाम घरी आल्यावर उपकारस्तुतीची उपासना होते. लोक पिकाचा पहिला वाटा आणून वेदीपुढे ठेवतात : बाजरी, भुईमूग, भोपळे, द्राक्षांची पेटी, कोंबडी, नारळ. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो, एका नारळाला कौतुकाने भलतीच किंमत येते, हशा पिकतो. परंतु गारांचा पट्टा पुष्कळदा एका बांधापर्यंत येऊन थांबतो. एकाची बाग उभी असते, शेजारच्याची झडून जमिनीला मिळालेली असते, आणि दोघेही एकाच बाकावर बसलेले असतात. पाळकाने त्या दिवशी काय करावे? आनंदाची गीते गाळून टाकावी, तर ज्याचे पीक आले त्याच्या उपकारस्तुतीचा अपमान होतो. नुकसानीचे नावच काढू नये, तर दुसऱ्याला आपल्याच बापाच्या घरात परक्यासारखे वाटते. किंबहुना तो त्या दिवशी उपासनेला येतच नाही, आणि आम्ही म्हणतो, अमका विश्वासात थंड झाला.

आमची सूचना अशी आहे. गीते सर्व म्हणावी. परंतु उपासनेच्या आधीच्या आठवड्यात पाळकाने व एका वडिलाने नुकसान झालेल्या प्रत्येकाच्या घरी जावे, त्याला वचन ऐकविण्याची घाई करू नये, बसावे; आणि तो कबूल असेल तर उपासनेतील पहिली प्रार्थना त्याने करावी, मग ती तक्रारीची असली तरी चालेल. स्तोत्रसंहितेत तशा प्रार्थना पुष्कळ आहेत, व देवाने त्या आपल्या पुस्तकातून काढून टाकल्या नाहीत. लिलावाचे पैसे कोठे जावेत हे त्या त्या मंडळीच्या पंचांनी ठरवावे. आम्ही त्यात पडत नाही. पण लिलाव संपून लोक उठण्यापूर्वी एवढे विचारावे की सोमवारी सकाळी त्या बागेतील मोडलेल्या फांद्या उचलावयास व तारा सरळ करावयास कोण कोण येणार आहेत, आणि ज्यांनी हात वर केले त्यांची नावे तेथल्या तेथे लिहून घ्यावी. ज्याची बाग वाचली आहे त्याचे नाव त्या यादीत पहिले असावे, आणि त्याने घरून निघताना आपल्या वाचलेल्या बागेतील एक पेटी द्राक्षे न्याहारीसाठी बरोबर घ्यावी.